शिंक्यात उरलेला कंद

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी कांदा नाही. दिसायला असेन. अंगावर तसाच तपकिरी पापुद्रा, खाली तशाच मुळ्या, वर तशीच शेंडी. पण मी एक जुना कंद आहे, डॅफोडिल नावाच्या फुलाचा. नाव अवघड वाटत असेल तर वाटू दे, न्हावऱ्यात ते कुणालाच धड म्हणता आलं नाही. मात्र मी कांदा नाही, एवढं ध्यानात ठेवा. एका घराने हे वेळेवर ध्यानात घेतलं असतं, तर आज मला तुमच्यापुढे मान खाली घालून बोलावं लागलं नसतं.

माझा जन्म काश्मीरचा. एका लष्करी साहेबाच्या बंगल्यामागे आमचा वाफा होता. थंडीत अंगावर बर्फ पडायचं आणि आम्ही मातीत गुडूप झोपायचो. बर्फ वितळलं की पिवळी फुलं घेऊन वर यायचो. त्या बंगल्यावर म्हाळू नावाचा जवान कामाला होता, शिरूर तालुक्यातल्या न्हावरे गावचा. त्याच्या आजाकडे मेंढरं होती. बापाने, म्हणजे कोंडिबाने, शेती धरली, आणि त्या बाजूला शेती म्हणजे कांदा. त्यामुळे आम्हाला पहिल्यांदा उकरून काढलेलं पाहिलं तेव्हा म्हाळूला हसू फुटलं. हे तर आमच्याकडचं पीक, असं तो म्हणाला. साहेबाची बायको असली उखडली म्हणता! तेव्हापासून तिने त्याला वाफ्यावरच कामाला लावलं आणि आमचं सगळं शिकवलं. साहेबाची बदली झाली तेव्हा जाताना तिने मूठभर कंद म्हाळूच्या हातावर ठेवले. त्यांतला मी एक.

म्हाळूने आम्हाला लोकरी मोज्यात घातलं आणि दिवाळीच्या रजेवर घेऊन निघाला. दौंड स्टेशनावर उतरेपर्यंत आम्ही त्या मोज्यात होतो. देवाने कंदाला नाक दिलं नाही, हे त्याचे उपकार. पुढे एसटीने न्हावऱ्यात आलो.

भाऊबीजेला बहिणीने ओवाळलं. रतन तिचं नाव. म्हाळूने ताटात लुगडं ठेवलं आणि वर मोजा उलटा केला. आम्ही ताटात घरंगळलो.

"ओवाळणीत कांदं?" त्याची आई पार्वतीबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "आरं, घरात काय कमी हायेत व्हय?"

"कांदं न्हाईत आई, फुलं हायेत. रतनीला फुलं आवडत्यात म्हून आणली."

मग त्याने बहिणीला सगळं समजावून सांगितलं. खड्डा पंजाएवढा खोल घ्यायचा. शेंडी वर, मुळी खाली. पाणी द्यायचं, पण साचू द्यायचं नाही, नाहीतर कंद कुजतात. दुपारचं ऊन नको. फूल सुकल्यावर दांडा काढला तरी चालेल, पण पातीला हात लावायचा नाही. ती आपोआप पिवळी पडून लोळेपर्यंत थांबायचं, कारण कंद पुढच्या वर्षाचं जेवण त्या पातीतूनच साठवतो. उन्हाळ्यात काढायचे, सावलीत वाळवायचे आणि गार, कोरड्या जागी टांगून ठेवायचे. सगळं सांगितलं त्याने. हे खायचे नसतात, एवढं मात्र त्याच्या तोंडून गेलं नाही. फुलझाड कुणी खाईल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही, आणि रजा संपल्यावर तो परत गेला.

रतनने आमच्यासाठी परसातली जागा निवडली, शेवग्याच्या उगवतीला, म्हणजे दुपारी झाडाची सावली पडेल. न्हाणीचं पाणी तिकडे वळू नये म्हणून मातीचा बांध घातला. ओढ्यातली रेती आणि मेंढ्यांचं जुनं कुजलेलं लेंडीखत मातीत मिसळलं. आम्हाला लावल्यावर वरून उसाचं पाचट पसरलं, म्हणजे माती गार राहील. मला कुणी विचारलं तर बर्फापेक्षा ते पाचट बरं होतं. त्याखाली उबही होती आणि गारवाही.

पौषात कडाक्याची थंडी पडली आणि आमचे दांडे वर आले. नेमका त्या वेळी कोंडिबा परसात आला. आता कांद्यातून असा दांडा निघाला की त्याला डेंगळा म्हणतात, आणि डेंगळा आलेला कांदा पोकळ निघतो. त्यामुळे डेंगळा दिसला की मोडायचा, ही कोंडिबाच्या बोटांची जन्माची सवय. त्याने माझ्या दांड्याला हात घातलाच होता.

"आबा!" रतन न्हाणीतून ओरडत आली. "हात लावाल तर बगा!"

कोंडिबा बिचारा चोरासारखा मागे सरला. दोन दिवसांनी फूल उमललं तेव्हा तोच गल्लीतल्या माणसांना हाताला धरून परसात आणत होता. शेजारची ताईबाई तर तोंडावर पदर धरून उभीच राहिली. "अगं बया! कांद्याला सोन्याचं फूल!" तिने साऱ्या गावात सांगितलं. बायका पोरं घेऊन आल्या. रतनच्या हाताला गुण आहे, असं जो तो म्हणू लागला. आम्हाला सगळे 'म्हाळूचे कांदे' म्हणत, आणि कौतुक होत होतं म्हणून मीही ते खपवून घेतलं. तिथेच चुकलं. कौतुकाच्या भरात आपण कोण आहोत हे विसरू नये, मित्रांनो.

फुलं सुकली. पात राहिली. कांदा काढणीला आला की त्याची पात पायाने लोळवतात, म्हणजे कांदा पोसतो. पार्वतीबाईने दोनदा आमच्यावर पाय उचलला आणि दोन्हीदा रतन आडवी आली. शेवटी चैत्रात पात आपसूक पिवळी पडली. रतनने आम्हाला हळुवार काढलं. आमच्या कुशीला पिल्लं धरली होती. मूठभराचे आम्ही टोपलीभर झालो होतो. तिने आम्हाला सावलीत वाळवलं आणि गार जागा शोधू लागली.

"सैपाकघरात टांग," पार्वतीबाई म्हणाली. "चुलीपासनं लांब, त्या कोपऱ्यात. जरा धूर लागला की कीड लागत न्हाई. आपलं बियाणं बी आपण तसंच ठिवतो का न्हाई?"

गोष्ट खरी होती. टोपली शिंक्यात ठेवून रतनने ती कोपऱ्यात टांगली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आम्ही वरून घरातलं सगळं ऐकत झोपून होतो.

दसरा झाला आणि घरात गडबड उडाली. पाबळहून रतनला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा मच्छिंद्र, त्याचे वडील हरिबा आणि आई गिताबाई. घरची शेती, विहिरीला पाणी, आणि दुष्काळातसुद्धा त्या घराने जनावरं विकली नव्हती. कोंडिबाला स्थळ मनापासून हवं होतं. रतन काही बोलत नव्हती, पण आदल्या दिवशी तिने अंगण दोनदा सारवलं, त्यावरून मी काय ते समजलो.

पार्वतीबाईने सकाळपासून निर्जळी उपास धरला होता. लेकीचं जमू दे म्हणून. पाहुणे सोप्यात येऊन बसले, ताईबाई आतल्या खोलीत रतनला लुगडं नेसवायला गेली, आणि पार्वतीबाई पोह्यांच्या तयारीला लागली. कांदे घ्यायला ती कोपऱ्यातल्या ढिगाकडे वळली.

आता कांदा पिकवणाऱ्याच्या घरचं तुम्हाला सांगायला हवं. चांगला कांदा सगळा बाजारात जातो. घरी उरतो तो दबलेला, जुळा, बारका. त्यात दसरा येईपर्यंत पावसाळी हवा लागलेली. पार्वतीबाईने एक उचलला, त्याला बोटभर मोड. दुसरा उचलला, तो हातात फसकन फुटला. वास सुटला. तिने ढीग उपसला, पण पाहुण्यांपुढे ठेवावा असा एक धड कांदा सापडेना. बाहेर कोंडिबा खोकून "झालं का?" असं सुचवत होता.

तिने वर पाहिलं. आम्ही शिंक्यात होतो. कोरडे, टणक, एकसारखे.

ती क्षणभर थांबली, हे मी तुम्हाला सांगितलंच पाहिजे. ती विसरली नव्हती की ही रतनची फुलं आहेत. ती स्वतःशी पुटपुटली, "कांदा तो कांदाच. जल्म गेला माजा कांद्यात, मला काय कळत न्हाई?" आणि टोपली खाली घेतली.

माझी भावंडं एकेक करून विळीखाली गेली. कापताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिला नवल वाटलं. "गोडा कांदा दिसतोय," ती खुशीत म्हणाली. बोटांना बुळबुळीत चीक लागला, तो तिने लुगड्याला पुसला. मी टोपलीच्या तळाशी, विणीत अडकून राहिलो होतो, म्हणून तेवढा वाचलो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. अहो बाई, आमच्यात विष आहे! मरणाचं नाही, पण पोट ढवळून काढणारं. पण कंदाला तोंड नसतं. कढईत फोडणी चुरचुरली, हळद पडली, आणि माझी भावंडं पोह्यांत मिसळली. उपास होता म्हणून पार्वतीबाईने चाखूनही पाहिलं नाही.

पाहुण्यांच्या ताटल्या रतनच्याच हातून बाहेर गेल्या. सोप्यातलं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"पोहे कुणी केलं?" गिताबाईने विचारलं.

"आमच्या रतननंच की!" पार्वतीबाई दारातून म्हणाली. "सगळा सैपाक तीच करती. मला चुलीकडं फिरकू देत न्हाई."

यात तिचं काही वेगळं नव्हतं. मुलगी बघायला पाहुणे आले की पोहे कुणीही केलेले असोत, नाव मुलीचंच. हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असतं, विचारणाऱ्यालाही.

हरिबाने घास घेतला. लगेच पाण्याच्या तांब्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "झकास." मच्छिंद्रने तर ताटली पुसून खाल्ली. आईने बजावून आणलं होतं म्हणे, की ताटात टाकू नको, पोरीकडचे म्हणतील माजलाय. गिताबाईचा दात दुखत होता, तिने दोन घासच घेतले.

चहा बाहेर जायच्या आत हरिबा उठला. सोप्याच्या कडेला जाऊन त्याने सगळं ओकून टाकलं. त्याच्या मागोमाग मच्छिंद्र गोठ्याकडे पळाला. मग जी धांदल उडाली! कुणी ताक आणलं, कुणी मिठाचं पाणी, कुणी दवाखान्यातल्या डॉक्टरला बोलवायला धावलं. पोरगा भिंतीला टेकून पांढराफटक बसला होता. संध्याकाळपर्यंत दोघं सावरले. पण जाताना गिताबाई उंबऱ्यावर थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीला करायचं नव्हतं तर तसं सांगायचं व्हतं. आमच्या जिवावर कशाला उठायचं?"

मी वाट पाहत होतो. पार्वतीबाई आता बोलेल, आता बोलेल. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि पाहुणे गेले.

रतन आत आली. लुगडं तसंच, कपाळावरचं कुंकू घामाने पसरलेलं. तिने चुलीपाशी पाहिलं, मग वर शिंक्याकडे पाहिलं. टोपली खाली काढली. आत मी एकटा.

"आई, हितले कंद कुठं गेलं?"

पार्वतीबाईने पाठ वळवली. "उंदरानं नेलं आसतील."

रतन मागच्या दाराने उकिरड्याकडे गेली. तिथे आमचे पापुद्रे पडलेले असणार. ती परत आली, मला टोपलीत ठेवलं, टोपली शिंक्यात ठेवली, आणि भांडी घासायला बसली. तिला सगळं कळलं होतं. आईने आपल्या तोंडाने सांगावं, एवढीच ती वाट पाहत राहिली.

मित्रांनो, मी काश्मीरच्या बर्फाखाली झोपलेलो आहे, पण त्या घरात त्यानंतर जो गारठा पडला तसा कुठे अनुभवला नाही. मायलेकी एका चुलीपाशी बसत, आणि भाकरी-कालवणापलीकडे शब्द नाही. दुसऱ्याच दिवशी पार्वतीबाईच्या हातांना पुरळ उठलं. आमच्या चिकाने तसं होतं. ती हात पदराखाली धरून फिरायची आणि कुणी नसलं की करकरा खाजवायची. कोंडिबाला यातलं काहीच माहीत नव्हतं. "पोह्यातच काय तरी खराब आसंल," एवढं म्हणून तो डोक्याला हात लावून बसे.

गावाला मात्र सगळं माहीत होतं. गावाला नेहमीच माहीत असतं. रतनने पोह्यांत धोत्रा घातला. तिचं मन दुसरीकडं आहे. ज्या हाताला गुण आहे म्हणून बायका परसात येत होत्या, त्याच हाताबद्दल आता त्या कुजबुजू लागल्या. वाघोलीकडचं एक स्थळ येणार होतं, ते आलंच नाही. आणि मी वर टांगलेलो. लाज वाटायची हो! पापुद्र्याआड तोंड लपवावं म्हटलं तरी तो पापुद्राही कांद्यासारखाच. माझ्या जातीने घोळ घातला होता आणि निस्तरत होती ती पोर, जिने मला पाचटाखाली जपलं होतं.

एक दिवस ताईबाई विरजण मागायला आली. पार्वतीबाई जात्यावर बसली होती. रतन उठली आणि तिने वाटीत दही काढलं.

ताईबाईने हात पुढे केला नाही. "तू नगं, बाई," ती ओशाळवाणं हसून म्हणाली. "तुझी आई मोकळी झाली की तिच्या हातनं नेते."

रतनच्या हातात वाटी तशीच राहिली. तिने ती खाली ठेवली आणि परसात निघून गेली. जातं थांबलं होतं. पार्वतीबाईने उठून विरजण दिलं, ताईबाईला वाटेला लावलं, मग खांबाला टेकून बसली. "काय केलं म्या? काय केलं गं बाई म्या?" असं ती म्हणत राहिली. तिथे ऐकणारा मी एकटाच होतो.

सकाळी तिने मला शिंक्यातून काढलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. "भावाकडं जाऊन येते," असं नवऱ्याला सांगितलं आणि एसटी धरली. शिक्रापूरला गाडी बदलली. भावाचं गाव कुठलं, गाडी पाबळला निघाली होती.

हरिबाच्या घरी तिघेही ओट्यावर होते. पार्वतीबाईला पाहून गिताबाईचा चेहरा आवळला. तरी रीत म्हणून ती पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"पाणी नगं," पार्वतीबाई उभ्या-उभ्याच म्हणाली. "आधी ऐकून घ्या. पोहे म्या केलं व्हतं. रतननं कढईला हात सुदिक लावला न्हाई. घरातला कांदा सडका व्हता, म्हून म्या फुलाचं कंद चिरून घातलं. हे बगा." तिने गाठ सोडून मला ओट्यावर ठेवलं.

गिताबाईने माझ्याकडे पाहिलं. "ह्यो तर कांदा हाय."

"न्हाई ओ. कांद्यावानी दिसतोय. मी बी तशीच फसले."

"लेकीला वाचवायला आई काय बी बोलंल," गिताबाई म्हणाली. "आमी बी आया हावोत."

पार्वतीबाईने हात पुढे केले, त्यांवरचं पुरळ दाखवलं. ते कशानेही येऊ शकतं, असं गिताबाईच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. मग पार्वतीबाईने मला उचललं.

"मंग बगाच," ती म्हणाली आणि मला कचकन चावली.

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात याहून मोठी लाज नाही. त्या बाईने चूक केली होती, पण ती उपाशीपोटी तीन गावं ओलांडून आली होती, आणि तिच्या तोंडात मी कडूजहर उतरत होतो. तिचे डोळे मिटले, तरी ती चावतच राहिली. गिळणार तोच मच्छिंद्रने उडी मारून मला तिच्या हातातून हिसकलं.

"मावशी, थुका! आदी थुका!"

त्याने तिला ओट्याच्या कडेला नेलं, तांब्यातल्या पाण्याने चूळ भरायला लावली, आणि पुन्हा पुन्हा भरायला लावली. तिचे ओठ सुजले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हरिबा उठून उभा राहिला होता. तो म्हणाला, "बाई, त्या दिशी पैल्याच घासाला मला कडू लागलं व्हतं. पर पोरीच्या हातचं पोहे, तोंड कसं वाकडं करायचं? म्हून झकास म्हनलो."

"मला बी कडू लागलं व्हतं," मच्छिंद्र म्हणाला. "आईनं सांगितलं व्हतं, टाकायचं न्हाई."

गिताबाईने कपाळाला हात लावला. मग तिला हसू आलं, ते दाबता दाबता रडू आलं, आणि तिने पार्वतीबाईला हाताला धरून आत नेलं. "माज्या टायमाला लाडू माज्या आत्यानं वळलं व्हतं," ती म्हणाली. "सासूला आजून ठावं न्हाई." निघताना हरिबाने सांगितलं की आम्ही पुन्हा येतो, पण पोहे नकोत, नुसता चहा पुरे.

पार्वतीबाई घरी आली ती पळतच. रतन परसात शेवग्याखालचा रिकामा वाफा खुरपत होती. आईने तिला सगळं सांगितलं. पाबळ, ओटा, गिताबाई, हरिबा. "पसंत हायेस तू त्यांना. येणार हायेत परत." आणि तिने मला, तिच्या दातांचे वण उमटलेल्या मला, लेकीच्या हातात दिलं.

रतनने मला फिरवून पाहिलं. आईच्या सुजलेल्या ओठांकडे पाहिलं. ती रडेल, आईच्या गळ्यात पडेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं व्हतं. उकिरड्यावर टरफलं बगितली म्या. मंग एवढं दिवस तू गप का बसलीस?"

पार्वतीबाई वाफ्याच्या बांधावर बसली. "लाज वाटली गं," ती म्हणाली. "लोक म्हनतील, कांद्यात जल्म घालवला आन् कांदा वळखता आला न्हाई. तुज्या अब्रूपरीस मला माजी लाज मोठी वाटली."

"मंग आई, पाबळला सांगनं सोपं व्हतं," रतन म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. "तिथं तुला कोन वळखतं? मी ऱ्हाते हितं. ताईबाई माज्या हातचं विरजण घेत न्हाई. तिला सांग."

पार्वतीबाई उठली. पदर डोक्यावर घेतला, रतनच्या हातातून मला पुन्हा घेतलं आणि पुढच्या दाराने गल्लीत उतरली. दिवस कलला होता. बायका दारोदारी धान्य पाखडत, लसूण सोलत बसल्या होत्या, सगळ्यांच्या देखत. आपल्या गल्लीत स्वतःच्या तोंडाने "म्या केलं" म्हणणं किती जड असतं, ते मी तिच्या मुठीत राहून पाहिलं आहे. ताईबाईच्या दाराशी तिचा आवाज फुटेना. पुढच्या दाराशी थोडा फुटला. गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत ती सरळ उभी राहून सांगत होती, आणि मागे वळून पाहिलं तर ताईबाई रिकामी वाटी घेऊन रतनकडे निघाली होती.

रतनचं लग्न पाबळला झालं. जाताना तिने मला बरोबर नेलं आणि तिथल्या परसात लावलं. चावा बसलेला कंद, त्यात पाबळला बर्फ कुठलं? मला दरवर्षी पातच येते. फूल नाही. त्याचीही लाज वाटते, पण रतन एका शब्दाने बोलत नाही. पाचट घालते, पाणी बेताने देते, आणि पात पिवळी पडेपर्यंत कुणाला हात लावू देत नाही.

तर मित्रांनो, माझ्यासारखा कंद तुमच्या घरी आला तर त्याला जपा. पाणी साचू देऊ नका, पात कापू नका, आणि त्याला स्वयंपाकघराच्या वाऱ्यालाही ठेवू नका. लावताना घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा की हा काय आहे आणि काय नाही. एवढं करूनही चूक होईल. होतेच, माणसाचं काय अन् कंदाचं काय. झाली तर ती त्याच दिवशी सांगा, आणि जिथे सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटते तिथे आधी सांगा. आम्ही कंद महिनोन् महिने अंधारात पडून राहतो, आमचं काही बिघडत नाही. पण आपल्या चुकीचा आळ ज्याच्यावर गेला आहे, त्याला त्या आळाखाली एक रात्रसुद्धा झोपू देऊ नका.